मदरबोर्डवर पैसे घालण्याआधी यूपीएस बाजूला काढा

घणसोलीहून विचारणाऱ्यांनी लिहिलंय की डेस्कटॉपवर अँड्रॉइडचा मोठा बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याचं काम) लावला की काही मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि मशीन आपणहून पुन्हा सुरू होतं. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. रॅम बदलून झाली, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदलून झाला, आता दुकानदार म्हणतो मदरबोर्डच गेलाय. आणि त्याच दुकानाच्या टेबलावर मशीन दिवसभर बिनतक्रार चालतं.

हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. कोपरखैरण्याला राहत होतो तेव्हा माझी अगदी हीच रड होती. रॅम नीट बसवा, धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला हे सगळं तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. आधीच सांगून ठेवतो, मी इलेक्ट्रिशियन नाही, पोटापाण्याला बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, लिहितो. भिंतीतल्या वायरिंगबद्दल जे सांगेन ते लायसनवाल्या माणसाकडून करून घ्यायचं आहे, स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही.

विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय म्हणता. या ४१ वर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, रजिस्ट्रीत हे बदला, पॉवर प्लॅन तो करा. सगळे सोडून द्या. तो आकडा एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण तो सांगतच नाही. त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक-कोड (विंडोज स्वतः कोसळलं तर त्याचं कारण सांगणारा आकडा) बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला जाता जाता काही लिहून ठेवायलाही सवड मिळालेली नाही, आणि तुमची लक्षणं बघता वीजच तुटतेय असं धरून चाला. लिनक्सवर असाल तर जर्नलमधून आधीच्या बूटचा लॉग काढा. शटडाऊनच्या ओळी नसतील, भलत्याच कामाच्या मध्ये लॉग संपलेला असेल, तर अर्थ तोच.

याउलट, बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलवर 'इंटर्नल कंपायलर एरर' देऊन मोडतो पण मशीन चालू राहतं, असं असेल तर तो रॅमचा किंवा प्रोसेसरचा मामला. तुमचा प्रोसेसर इंटेलचा १३७००के आहे म्हणून सांगतो, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याचा रोग होता. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. त्यासाठी नवा बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) टाकायचाच आहे, पण मशीन असं मध्येच मान टाकत असताना टाकू नका. फ्लॅश होताना वीज गेली तर दुकानदाराचं भाकीत तुम्हीच खरं कराल.

आता मुद्द्याचं. दुकानाच्या टेबलावर आणि तुमच्या घरी काय वेगळं आहे? कॅबिनेटच्या आतलं सगळं तेच. वेगळी आहे ती भिंत, एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस. तुम्ही यूपीएसचा उल्लेख 'शिवाय यूपीएस लावलेला आहेच' असा ओझरता केलाय. माझा संशय सरळ त्याच्यावर आहे.

हिशेब बघा. बाजारातला ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेक मॉडेलांत ३६० वॉट. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. १३७००के पूर्ण टर्बोत एकटा २५३ वॉट खाऊ शकतो, आणि कितीतरी मदरबोर्ड फॅक्टरीतून येतानाच ती मर्यादा मोकळी सोडून येतात. त्यात ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएसची स्वतःची गळती आणि तुमचे दोन मॉनिटर मिळवा. ब्राउझर आणि एडिटर उघडे असताना हेच मशीन त्याच्या निम्म्यानेही खात नाही, म्हणून एरवी सगळं आलबेल. बिल्ड लागला, सगळे कोअर पेटले, आणि नेमकं त्याच वेळी संध्याकाळचं व्होल्टेज घसरलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो.

त्या उडीत दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, बॅटरी. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत थकते, आणि उष्णतेने आणखी लवकर. ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. आपण यूपीएस कुठे ठेवतो? टेबलाखाली, कॅबिनेटच्या मागे, गरम हवा थेट अंगावर. माझ्या यूपीएसची बॅटरी शेवटी बाहेर काढायला घेतली तर निघेना, कुशी फुगून खाचेत घट्ट बसली होती, आणि टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी. पुढचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत 'सर्व ठीक' दाखवत होता. दुसरी गोष्ट, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे विजेची गुळगुळीत लाट, देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. हल्लीचे बरे एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे (व्होल्टेजच्या लाटेबरहुकूम करंट घेणाऱ्या सर्किटचे) असतात, त्यातल्या काहींना ती पायरी पूर्ण लोडवर पचत नाही आणि ते सरळ बंद पडतात. म्हणजे तुम्ही नवा, महागाचा एसएमपीएस आणलात तरी रोग तसाच राहू शकतो, कदाचित वाढूही शकतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. यूपीएस पूर्ण बाजूला काढा, मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, मध्ये एक्स्टेंशनही नको. काम कमिट करून पुश करा, म्हणजे त्याची प्रत सर्व्हरवर राहील, आणि संध्याकाळी, सगळ्यांचे एसी चालू असतात त्या वेळी, तोच बिल्ड लावा. प्राइम९५ किंवा स्ट्रेस-एनजी हे मुद्दाम भार टाकणारे प्रोग्रामही चालतील, पण माझा भरवसा खऱ्या बिल्डवरच. टिकला, तर यूपीएस दोषी. नाही टिकला, तर बिल्डचे समांतर जॉब सोळावरून चारवर आणून बघा. चारवर टिकतो आणि सोळावर पडतो, तर वीज कुठेतरी कमी पडतेय, मग तो सैल सॉकेट असेल नाहीतर एसएमपीएस. प्लगच्या पिना बघा. एखादी काळपटलेली असेल किंवा भोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, तर सॉकेटच्या आतली पकड गेलीय.

आणि कान द्या. माझ्याकडे स्क्रीन काळी होण्याच्या क्षणभर आधी टेबलाखालून 'टक्' असा आवाज यायचा. तो यूपीएसचा रिले, बॅटरीवर उडी मारणारा आतला स्विच. इतके दिवस हेडफोन लावून काम करत असल्याने तो मला ऐकूच आला नव्हता.

हे कळायच्या आधी मात्र मी ज्या चक्रातून गेलो ते सांगतोच, कारण तुम्ही त्याच दारात उभे आहात. दुकानदाराच्या सांगण्यावरून बोर्ड वॉरंटीत दिला, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने बोर्ड अँटी-स्टॅटिक पिशवीतून काढला, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण उचलून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि जॉब शीट छापून दिली. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'व्हिज्युअल इन्स्पेक्शन ओके'. मग बरेच दिवस सामसूम. फोन लावला की 'पार्ट लॅबला गेलाय सर'. शेवटी एक मेल आला की सॉकेटच्या पिना वाकलेल्या आहेत, कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, वॉरंटी रद्द. त्या सॉकेटला १७०० पिना असतात, केसाएवढ्या बारीक. झाकण काढून बोट लागलं तरी वाकतात. त्या पिशवीला माझ्यानंतर कोणाकोणाचे हात लागले, देव जाणे. जॉब शीट दाखवली तर उत्तर मिळालं, 'ते डीफॉल्ट प्रिंट होतं सर, सगळ्यांच्याच शीटवर येतं.' मग ते छापता कशाला, याला उत्तर नव्हतं. मॅनेजर जेवायला गेलेले. दर वेळी जेवायलाच गेलेले.

काम अडलं होतं, नवा बोर्ड घेतला. आणि नव्या बोर्डवर पहिल्याच मोठ्या बिल्डला तेच, टक्, काळोख. म्हणजे जुना बोर्ड दिला तेव्हा धडधाकट होता! तेव्हा कुठे भिंतीकडे बघायचं सुचलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केली. त्यावर कंपनीने पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. ते घेतलं नाही. पुढे जायचं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मी गेलो नाही, नव्या नोकरीची धावपळ होती. ज्याला वेळ आहे त्याने जरूर जावं.

तेव्हा बोर्ड द्यायचीच वेळ आली तर एक करा. काउंटरवर, त्या माणसाच्या देखत, झाकण काढून सॉकेटचा जवळून फोटो घ्या, आणि त्याच फोटोत बोर्डवरचा सिरीयल नंबर येऊ द्या. छापील शीटवर त्याच्याच हाताने 'पिना सरळ' असं लिहून सही घ्या. नाही म्हणाला तर बोर्ड उचला आणि घरी या. उद्धटपणा वाटेल, वाटू द्या. (एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांच्या पिना प्रोसेसरला असतात, त्यांना बोर्डपुरती ही भीती नाही. एएम५ ला मात्र पिना बोर्डवरच.)

आता झिणझिण्या. हे वेगळं दुखणं आहे, रीस्टार्टशी त्याचा संबंध असेलच असं नाही, पण ते टाळूही नका. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला (जमिनीशी जोडलेल्या वायरला), एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थ जोडलेला असला की त्यांच्यातून झिरपणारा बारीकसा करंट निमूटपणे जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असला की कॅबिनेट २३० च्या अधेमधे, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतं. करंट इतका कमी की सहसा झिणझिण्यांवर भागतं. पण एसएमपीएसमध्ये आत खरंच काही शॉर्ट झालं तर एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पाडायला अर्थची वायरच नाही, हा खरा धोका.

लायसनवाला वायरमन बोलवा आणि मल्टिमीटरवर तीन आकडे बघा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण मीटर फसवतो, नावापुरता टेकलेला अर्थही त्याला चांगला दिसतो. आमच्याकडे आलेल्या जुन्या वायरमनने पिशवीतून होल्डरला लावलेला १०० वॉटचा पिवळा बल्ब काढला, फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब नुसता लालसर झाला, तार दिसेल इतपतच. "अर्थ आहे, पण नावाला," म्हणाला. (आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की पडणारा स्विच, असेल तर या चाचणीत तो पडणार, ते बरोबरच आहे.) आमच्यात घोळ एक्स्टेंशन बोर्डातही होता, तीन पिनांचा प्लग आणि आत वायर दोनच. भिंतीतला अर्थ कमकुवत निघाला तर बिल्डिंगच्या अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) काम सोसायटीचं, तिथे लेखी अर्ज द्या. उन्हाळ्यात माती सुकली की हे जास्त जाणवतं, पावसात कमी, म्हणून सोसायटीवाले जुलैत 'आता तर ठीक आहे की' म्हणतात.

एक मात्र कुणालाही करू देऊ नका. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरीने जोडून देतात, 'झालं अर्थिंग' म्हणून. झिणझिण्या थांबतात, मीटरही खूश. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट. असा जुगाड सुचवणाऱ्याला चहा पाजून दारातूनच परत पाठवा.

एवढ्या वेळा मशीन अचानक गेलंय तर रेपो, म्हणजे गिटमध्ये ठेवलेला कोड, तपासून घ्या. गिट एफएससीके ही तपासणीची आज्ञा चालवा. 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' असं आलं तर घाबरू नका, लिहिता लिहिता वीज गेल्याने शून्य बाइटच्या फाइल उरतात. पूर्ण फोल्डरची कॉपी काढा, त्या रिकाम्या फाइल उडवा, रिमोटवरून फेच करा. जे पुश केलं होतं ते परत येतं, न केलेलं त्या फाइलींत असेल तर ते गेलं. गिट २.३६ पासून कोअर-एफसिंकची (लिहिलेलं लगेच डिस्कवर पक्कं करण्याची) सेटिंग आहे, ती कडक करून ठेवा. आणि वेग मिळावा म्हणून लोकल डेटाबेसचा एफसिंक बंद केला असेल तर यूपीएसचा निकाल लागेपर्यंत चालू करा.

नवा यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॉट बघा, प्युअर साइन वेव्ह बघा, आणि यूएसबी पोर्ट आहे का बघा. पोर्ट असेल तर लिनक्सवर एनयूटी हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून बॅटरी उतरली की मशीन स्वतः नीट बंद करता येतं. महाग वाटला तर बायॉसमध्ये प्रोसेसरची पॉवर मर्यादा १२५ वॉटवर आणा. बिल्ड थोडा रेंगाळेल, पण आहे त्याच यूपीएसवर, नवी बॅटरी टाकून, भागू शकेल. मी सध्या तेच करतो. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, त्याचा भार या यूपीएसवर कशाला. फक्त ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि पिनची दिशा (आत प्लस की मायनस) जुळवून घ्या.

यूपीएस काढून केलेल्या चाचणीत काय झालं ते इथे लिहा, सोबत यूपीएसच्या मागचा वॉटचा आकडा आणि एसएमपीएसचं मॉडेल. आणि अर्थ दुरुस्त होईपर्यंत मॉनिटरची एचडीएमआय केबल चालू मशीनला लावू-काढू नका, दोन्हींचे प्लग आधी भिंतीतून काढा. अशा तरंगत्या कॅबिनेटवर पोर्ट जळायला एक ठिणगी पुरते.