विठ्ठल हप्ता भरणार आहे का?

प्रश्न: काकू, नमस्कार. मी ४५ वर्षांचा, घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात १९ वर्षं फिटर आहे. कारखाना आता गुजरातला हलवताहेत. तिकडे येता की हिशेब घेता, हे १५ मेपर्यंत लिहून द्यायचंय. घराचा हप्ता ३१ हजार, अजून ११ वर्षं बाकी. मुलगा बारावीत जाईल, मुलगी आठवीत. वडील ७६ वर्षांचे, माळकरी. आयुष्यभर मसाला बाजारात माथाडी होते. आधी मशीद बंदरला, मग बाजार तुर्भ्याला हलला तेव्हा इकडे आले. २७ वाऱ्या झाल्यात त्यांच्या. ते म्हणतात, "आधी देव, मग बाकीचं. विठ्ठल बघून घेईल." बायको म्हणते, "विठ्ठल हप्ता भरणार आहे का?" मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप नाही. माळ माझ्याही गळ्यात आहे. यंदा वडिलांबरोबर चालायचं कबूल केलंय, पण नोकरी शोधायची तर वीस दिवस कुठून काढू? श्रद्धा आधी ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं? आणि एक, तीन हप्ते जातील एवढेच पैसे शिल्लक आहेत, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.
— वारकऱ्याचा मुलगा, घणसोली

उत्तर: शेवटचं वाक्य तुम्ही 'आणि एक' म्हणून जाता जाता टाकलंत. मी तुमचं पत्र तिथूनच वाचायला घेतलं.

३४ वर्षं मी एलआयसीत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त ठाण्यात, मृत्युदाव्यांच्या टेबलावर. आमच्या चिन्हात ज्योतीभोवती धरलेले दोन हात आहेत आणि खाली गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द, 'योगक्षेमं वहाम्यहम्'. नाही ते मिळवून देणं हा योग, आहे ते राखणं हा क्षेम, आणि दोन्हींचा भार मी वाहतो असं भगवंताचं वचन. देवाचा शब्द आणि हप्त्याची तारीख एकाच कागदावर! नव्याने लागलेली पोरं यावर हसायची. मला त्यात कधी विसंगती वाटली नाही. चित्रात फक्त हात दिसतात, ते कुणाचे हे काही दाखवलेलं नाही.

त्या टेबलावर एकदा एक बाई आल्या होत्या. नवरा गेल्याला महिनाही झाला नव्हता. पिशवीतून त्यांनी पॉलिसी काढली, तिच्या कोपऱ्याला कुंकू लागलेलं. देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे खोचून ठेवली होती म्हणे. "हे म्हणायचे, काळजी करू नकोस, देवाजवळ ठेवलंय." मी नंबर काढून पाहिलं तर पॉलिसी केव्हाच बंद पडलेली. हप्ते थकले होते, आणि नोकरीही गेली होती, हे त्या बाईंना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. नोकरीचं मी सांगितलं नाही म्हणा, हप्त्यांवरून त्यांनीच ओळखलं. तो माणूस अश्रद्ध नव्हता हो. रोज पूजा करायचा. पण 'देव बघून घेईल' हे वाक्य बायकोला आकडा सांगायला लागू नये म्हणूनही म्हणता येतं, हे मी तेव्हा पाहिलं. पाहिलं म्हणजे ओळखलं, कारण आमच्या घरात ते आधी होऊन गेलं होतं.

१९८६ साल. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. एका सकाळी गेटला कुलूप. आज तिथे काचेच्या इमारती आणि आयटीवाली मुलं दिसतात, तेव्हा बंद गेटं आणि गेटाबाहेर ताडपत्रीखाली बसलेले कामगार दिसायचे. माझा पगार होता, पण त्यावर दोन घरं चालायची. मी ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या शंकराला अकरा सोमवार बोलले. कुलूप उघडू दे, अभिषेक करीन. रोखठोक व्यवहार. सोसायटीची थकबाकीची नोटीस माझ्या पर्समध्ये महिनाभर होती, ती मी ह्यांना दाखवली नव्हती. त्यांना आधीच कमी का त्रास आहे, असं स्वतःला सांगायचे. खरं तर मला बोलायचीच भीती वाटत होती.

नववा सोमवार. ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेले होते. तांब्यातलं पाणी ओतताना मनात चाललं होतं, आता दोनच उरले, आता दोनच उरले. नमस्कार केल्याचंही आठवत नाही. बाहेर आले, रस्ता ओलांडला, तर मासुंदा तलावाच्या कठड्यावर हे बसलेले. सकाळी "गेटवर मीटिंग आहे" म्हणून निघाले होते. शेजारी मी भरून दिलेला डबा, न उघडलेला. हातात कुरमुऱ्यांची पुडी, आणि माशांना एकेक कुरमुरा टाकत होते. मूठभर नाही, एकेक. पुडी संध्याकाळपर्यंत पुरवायची होती ना. मीटिंगा बंद होऊन तीन आठवडे झाले होते, हे मला त्या कठड्यावर कळलं. मी पर्स उघडून नोटीस त्यांच्या हातात दिली. मग आम्ही डबा खाल्ला. कोबीची भाजी होती.

कारखाना काही उघडला नाही. पैसे अकरा वर्षांनी, तेही अर्धेमुर्धे मिळाले. ह्यांनी कळव्याला एका गाळ्यात दुसऱ्याच्या लेथवर काम धरलं, पुढे बरं चाललं. उरलेले दोन सोमवार मी केले, अभिषेकही केला. फक्त मागणं थांबलं. त्या दोन सोमवारी जे काही झालं त्याला श्रद्धा म्हणायला माझी हरकत नाही, पहिल्या नवांना आहे.

म्हणून तुम्ही विचारता ते 'श्रद्धा आधी' म्हणजे मला एवढंच कळतं, की आकडा उघडा करायला माणूस भीत नाही. ज्याला वाटतं की देव पाठीशी आहे, त्याने कागद कशाला लपवावा?

तुमच्या वडिलांना तुकोबांबद्दल मी सांगायला नको, पण तुम्हाला सांगते, कारण 'ठेविले अनंते' हे आपल्याकडे हातपाय न हलवण्याचं सर्टिफिकेट झालंय. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दुकानाचं दिवाळं निघालं. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. कोणती? लोकांकडून येणं होतं ती. स्वतःचं देणं नाही बुडवलं! आणि धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला संसार आहे, तेव्हा त्याच्या वाट्याची खतं वेगळी काढून त्याच्या हातात दिली, आपलीच तेवढी पाण्यात टाकली. इतका चोख वाटा करून मग सोडून देणारा माणूस तो. तुमच्या घराचा हप्ता तुमचं देणं आहे, आणि त्यात बायकोचा वाटा आहे. ते इंद्रायणीत जात नाही.

आता वडिलांचा विठ्ठल. माझा अंदाज आहे, तुम्ही त्यांना कधी विचारलं नसेल की २७ वर्षं वीस-वीस दिवस बाजार सोडून तुम्ही जात होतात तेव्हा तुमच्या वाटणीची पोती कोण उचलत होतं. टोळीतले लोक उचलत असणार. माथाडीची कमाई टोळीत वाटली जाते, आणि १९६९ च्या कायद्याने माथाडी बोर्डाकडे मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मालकाने वर भरायची रक्कम, जमा होते, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी निघते. त्यांचा विठ्ठल टोळीसकट आणि बोर्डासकट बघून घेत होता. हे मी चेष्टेने म्हणत नाही. ज्या दिवशी बाजार मशीद बंदरहून खाडीपलीकडे जाणार असं ठरलं, त्या दिवशी त्यांच्यापुढेही तुमचाच प्रश्न होता, जायचं की सोडायचं. तेव्हा रात्री कुणाशी बोलले, काय ठरवलं, ते त्यांच्याकडून ऐका. 'विठ्ठल बघून घेईल' या तीन शब्दांत त्यांनी बरंच गाळलंय.

बोलणं झालं की हे करा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तुम्हाला २६ हजार असतील असं धरू. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाचे १५ हजार, १९ वर्षांचे २ लाख ८५ हजार. ही झाली ग्रॅच्युइटी, तुम्ही राहा की जा, ती तुमचीच. कारखाना बंद होतो म्हणून कमी केलं तर दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई वेगळी. पण हिशेबाच्या कागदावर 'स्वेच्छेने राजीनामा' असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी युनियनच्या नाहीतर कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. तीच गोष्ट गुजरातची. तिकडे जाऊन सहा महिन्यांनी जमलं नाही म्हणून राजीनामा दिलात, तर ग्रॅच्युइटी मिळेल, भरपाई जाईल. पीएफला लगेच हात लावू नका. बँकेत हप्ता चुकण्याआधी जा, चुकल्यावर नाही. मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते आधीच्या माणसाशी नीट बोलतात, नंतरच्याशी वेगळ्या आवाजात.

आणि जुन्या धंद्यातली एक सवय म्हणून सांगते: कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. वडील ७६ चे आहेत. त्याच विमा कंपनीच्या घरगुती पॉलिसीत जाता येतं का आणि आधीची वर्षं धरतात का, हे नोकरीत असतानाच विचारा. लोक हिशेबाचे पैसे मोजत बसतात आणि हे विसरतात.

गुजरात की घर, हे मी ठरवणार नाही. मुलाचं बारावीचं वर्ष आहे, माझं मन कुठे झुकतं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

वारीला जा. नोकरी मिळावी म्हणून मात्र जाऊ नका, माझ्या पहिल्या नऊ सोमवारांसारखं होईल. वीस दिवस नाही जमले तर वडिलांना सांगा, पुण्याहून सासवडपर्यंत तुमच्याबरोबर, दिवेघाट चढून देतो, पुढे दिंडीतली माणसं आहेत. कित्येक नोकरदार तेवढंच चालतात आणि कुणी त्यांना अर्धे वारकरी म्हणत नाही. त्या दिवसांत कुठे मुलाखत लागली, तर सासवडहून एसटी आहे.

पण वारी जुलैत. बायकोला आज रात्री सांगा. पासबुक समोर ठेवून सांगा, तोंडी नको. तिने विचारलंय तो प्रश्न टोमणा नाहीये. तिला खरंच उत्तर हवंय, हप्ता कोण भरणार.

प्रश्न: माझ्या मुलाला इंजिनीअर होऊन दीड वर्ष झालं, नोकरी नाही. ठाण्यातल्याच एका गुरुजींनी पत्रिका पाहून २१ हजारांची शांती सांगितली आहे. माझा विश्वास आहे, पण यजमान चिडतात. करावी का?
— एक आई, पाचपाखाडी

उत्तर: विश्वास कुणावर, देवावर की गुरुजींवर? देवावर असेल तर मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वर आहे, दर्शनाला पैसे पडत नाहीत, बेल जांभळी नाक्यावर मिळतो. मुलाला बरोबर घेऊन जा, पण 'तुझ्यासाठी एवढे पैसे घातले' हे वाक्य त्याच्या डोक्यावर ठेवू नका. दीड वर्ष घरी बसलेल्या मुलाला आणखी एक कर्ज कशाला? तेवढ्या पैशांत एखादा चांगला कोर्स होतो, तोही त्याने निवडलेला.

यजमान चिडतात म्हणता, पण पैसे द्यायचे नाहीत म्हणून चिडतात की तुम्ही त्यांना न सांगता पत्रिका नेलीत म्हणून, हे पत्रात नाही. तरीही शांती करायचीच असं ठरलं, तर गुरुजींकडे पावती मागा. दिलीच, तर मला एक झेरॉक्स पाठवा. अशी पावती मी अजून पाहिलेली नाही.