‘मा’चा ‘ध’ करणारी मुलगी

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी ९ वर्षांची असून चौथीत शिकते. हुशार आहे, पण गेल्या काही महिन्यांपासून सर्रास खोटे बोलू लागली आहे. पालकसभेला बाबा का आले नाहीत, असे बाईंनी विचारले, तेव्हा ते घरी असतानाही ‘कामासाठी पुण्याला गेलेत’ असे तिने सांगितले. मी तिच्या डब्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केले, तर बाबांना जाऊन म्हणाली, ‘आईने तुमच्यासाठी केलेत.’ परवा मला म्हणाली, ‘तुझे डोके दुखायचे थांबले का, असे बाबांनी विचारलेय.’ मी आतून ऐकत होते. त्यांनी ‘औषधाचे बिल कुठे ठेवलेय, विचार’ एवढेच म्हटले होते. सासूबाईंच्या फाजील लाडांचा हा परिणाम आहे, असे मला वाटते. मिस्टर मला न विचारता दिरांच्या कर्जाला जामीन राहिले, तेव्हापासून, म्हणजे १४ महिने, आमचा अबोला आहे. पण मुलीसमोर आम्ही एकदाही भांडलेलो नाही, आवाजही चढवलेला नाही. काही निरोप असला तर लेकच सांगते, त्यामुळे कुठे अडत नाही. तिला शिस्त लागावी म्हणून पाचवीपासून निवासी शाळेत घालावे का?
– एक आई, सातारा

उत्तर:

ताई, तुमच्या पत्राचा बराचसा भाग मुलीच्या खोटेपणावर आणि उरलेला सासूबाईंच्या लाडांवर खर्ची पडला आहे. ज्या वाक्यापाशी मी थांबले, ते मात्र तुम्ही घरातली एखादी सोय सांगावी तसे जाता जाता लिहून टाकले आहे: ‘काही निरोप असला तर लेकच सांगते, त्यामुळे कुठे अडत नाही.’ तुमचे अडत नाही, हे खरे आहे. ते अडू नये म्हणून तुमच्या घरात ९ वर्षांची एक मुलगी १४ महिने बिनपगारी नोकरी करते आहे, आणि त्या नोकरीत तिने जे कसब कमावले, त्यालाच तुम्ही खोटेपणा म्हणता आहात.

राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दात आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही आख्यायिका आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती कितपत खरी, हे इतिहासकारांनी ठरवावे. निरोप ज्याच्या हातून जातो त्याच्यापाशी तो बदलण्याची संधी असते, एवढे तीतून आपण सारे शिकलो आहोत. तुमची लेक त्याच जागी उभी आहे, फक्त ती काम उलटे करते. तिच्या हाती ‘मारावे’ पडते आणि पलीकडच्या टोकाला ती ‘धरावे’ पोचवते. औषधाच्या बिलाची रुक्ष चौकशी घेऊन ती बाहेरच्या खोलीतून निघाली आणि स्वयंपाकघरापर्यंतच्या आठ-दहा पावलांत तिने त्या बिलाचे आईच्या डोकेदुखीची विचारपूस करणारे वाक्य केले. आतून तुम्हाला दोन्ही वाक्ये ऐकू आली आणि तरीही त्यातले खोटेपण तेवढे तुमच्या लक्षात राहिले, याचे मला खरोखर वाईट वाटले.

तिची तिन्ही ‘खोटी’ वाक्ये पुन्हा एकदा ओळीने वाचा आणि त्यांतल्या एकाने तरी तिच्या पदरात काही पडले का, ते पाहा. मूल मार चुकवण्यासाठी खोटे बोलते, अभ्यास टाळण्यासाठी बोलते, खाऊसाठी बोलते. इथे तर तिने स्वतःच्या डब्यातले लाडू बाबांच्या नावावर करून टाकले आहेत. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली हे कॅनडातील संशोधक मुलांच्या खोटे बोलण्याचा अभ्यास अनेक वर्षे करत आले आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात ३ ते ११ वर्षांच्या मुलांना बक्षीस म्हणून साबणाची वडी दिली होती आणि मग ‘आवडली का?’ असे विचारले होते. साबणाचे मुलांना काय कौतुक असणार! तरीही अनेक मुलांनी देणाऱ्याचे मन राखण्यासाठी ‘हो, आवडली’ असेच सांगितले, आणि वय वाढते तसे हे मन राखणे त्यांना अधिक सफाईने जमते, असे आढळले. म्हणजे या वयाच्या मुलीने कोणाचे मन राखावे यात जगावेगळे काहीच नाही. जगावेगळे आहे ते एवढेच की तुमच्या लेकीच्या हाती साबणाची वडी रोज दोन्ही बाजूंनी पडते, आणि घर टिकवायचे तर ती आवडली असे म्हणत राहणे भाग आहे, असे तिने मनाशी ठरवून टाकलेले दिसते.

तुम्हाला अभिमान आहे तो मुलीसमोर कधी आवाज न चढवल्याचा. हा अभिमान मी तुमच्याकडे राहू देणार नाही. एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगात आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी आधी नेहमीसारखी खेळते आणि मग काही मिनिटे त्याच्यासमोर चेहरा निर्विकार ठेवून नुसती बसते. ती रागावत नाही, ओरडत नाही, उठूनही जात नाही. बाळ मात्र हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच उपयोग होत नाही असे दिसल्यावर कावरेबावरे होऊन तोंड फिरवते. बोलताही न येणाऱ्या जिवाला जर न बोलण्यातले हे कळते, तर चौथीतल्या मुलीला तुमच्या स्वयंपाकघरातली शांतता कळत नसेल, असे कसे मानायचे? आईवडिलांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून अभ्यासला. शब्दांवाचून धुमसणारा रागही मुलांना राग म्हणूनच ओळखता येतो आणि त्रास देतो, पण भांडण मिटल्याचे समजले की त्यांची अस्वस्थता बरीच ओसरते, असे त्यांना दिसले. तुम्ही मुलीला भांडण दाखवले नाही म्हणता. मग ते मिटलेले तरी तिने कधी पाहावे? तिच्या वयाची मुले सकाळी कट्टी घेतात आणि मधल्या सुट्टीत बट्टी करून मोकळी होतात, पण घरातली कट्टी दुसऱ्या दिवाळीपर्यंत कशी पुरते, हे तिला कोण समजावून सांगणार?

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या सासुरवाशिणी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलत नसत. पोराला पुढे करून ‘बाबांना म्हणावे, पान वाढले आहे’ असे म्हणत, आणि ते शेजारीच बसलेल्या बाबांनाही ऐकू जात असे. त्या रीतीचे मला कौतुक नाही, पण त्या पोराला मजकुरात काही दुरुस्ती करावी लागत नव्हती. तुम्ही दोघांनी रीत तीच ठेवून तिच्यातून मर्यादा काढली आणि शिक्षा घातली. दोन माणसांतला ताण त्यांना सोसवेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढून त्रिकोण करतात, असे कुटुंबांवर उपचार करणारे मरे बोवेन सांगत असत. त्रिकोणाचा तिसरा कोन अनेक घरांत सर्वांत लहान माणूसच असतो, कारण त्याला ‘मला मध्ये घेऊ नका’ असे म्हणता येत नाही.

जामीनकीचे दोन शब्दांत सांगते. तुमचा राग रास्त आहे, कारण १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यासाठी एखाद्या वकिलाला कागद दाखवा, नवऱ्याशी खुशाल भांडा, संसार करावा की मोडावा हेही तुमचे तुम्ही ठरवा. मी तुम्हाला गोडीने राहा असे सांगत नाही. निवासी शाळेचा विचार मात्र आजच सोडून द्या. तिथल्या खाटेवर पडल्यापडल्या तुमची लेक रोज रात्री एकच चिंता करील, की आता घरी निरोप कोण सांगत असेल.

तुम्ही एवढेच करा. आज रात्री जेवताना, मुलगी समोर असताना, नवऱ्याकडे पाहून एक वाक्य स्वतःच्या तोंडाने बोला. ते प्रेमाचे नको, जामीनकीचेही नको. ‘अहो, उद्या पाणी उशिरा येणार आहे, टाकी आजच भरून ठेवा’ इतके साधे चालेल. ते उत्तर देणार नाहीत, कदाचित मान वरही करणार नाहीत. तरीही दुसऱ्या दिवशी दुसरे वाक्य बोला. मुलगी सवयीने मध्ये बोलू लागली, तर तिला ‘तू जेव, मी सांगते आहे’ असे म्हणा. त्यांनी तिच्यामार्फत काही विचारले, तर हातातले काम ठेवून उठा, बाहेर जा आणि उत्तर त्यांना तुम्ही द्या. ‘बाबांना सांग, यापुढे तुझ्याकडे निरोप देऊ नका’ असा शेवटचा निरोप तिच्याकरवी पाठवण्याचा मोह तुम्हाला हमखास होईल, तेवढा टाळा. त्यांनी आधी बोलावे, चूक त्यांची आहे, हा हिशेब मला ठाऊक आहे. पण पत्र त्यांनी लिहिलेले नाही, तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगणेही तुम्हालाच आहे.

खोटे बोलल्याबद्दल तिची उलटतपासणी घेऊ नका आणि बाईंसमोर तिला खोटे पाडू नका. ते शेंगदाण्याचे लाडू डब्यात अजून उरले असतील, तर दोन ताटलीत घाला आणि तिच्या हाती न देता स्वतः बाहेरच्या खोलीत नेऊन नवऱ्यापुढे ठेवा, म्हणजे तुमच्या लेकीने सांगितलेले निदान एक वाक्य तरी खरे होईल.