गोष्ट लिहून झाली, आता पुढे काय?

इनबॉक्समधे प्रश्न साचलेत, आज त्यातले पाच घेतेय.

प्रश्न : झेडपी शाळेत शिकवते. मुलांसाठी बारा गोष्टी लिहिल्यात. एक प्रकाशक छापायचे पैसे मागतोय. द्यावेत का? (बीड)

ताई, घाई नको. पैसे घेऊन छापून देणारे असतात, त्यात बेकायदा काही नाही, पण विकणार कोण आणि कुठे हे आधी लेखी घ्या, नाहीतर सगळे गठ्ठे तुमच्याच माळ्यावर. आयएसबीएन नंबरचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे सांगत असतील तर सरळ नाही म्हणा, तो भारतात सरकारकडून फुकट मिळतो. त्यापेक्षा बारातली एकच गोष्ट काढून मासिकाला पाठवा, बालभारतीचं 'किशोर' आहे, 'वयम्' आहे, अगदी लहानांसाठी 'चिकूपिकू' आहे, आणि दिवाळी अंकाला द्यायची तर पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवा, गणपतीत पाठवून उपयोग नाही.

पण खरं सांगू, तुमच्याकडे रोज पोरांनी भरलेला वर्ग आहे, असा चान्स आम्हा शहरातल्या लोकांना मिळत नाही. गोष्ट कुणाची ते न सांगता वाचून दाखवा, तुमची म्हटलं की सगळी 'छान छान' म्हणणार. जिथं पोरं चुळबुळायला लागतील, खिडकीबाहेर बघतील, तिथं पेन्सिलनं खूण करा आणि घरी जाऊन तेवढं कापा. तुम्ही पाठवलेल्या गोष्टीत शेवटी 'म्हणून मुलांनो नेहमी खरे बोलावे' आहे ना, ते तर आजच कापा, गोष्टीतल्या बकरीनं आधीच सगळं सांगून टाकलंय.

प्रश्न : चित्रं मैत्रिणीकडून काढून घेऊन पाठवू का? (ठाणे)

नको. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशकच ठरवतो, मैत्रिणीची चित्रं नाही आवडली तर तुमची गोष्टही परत येते. त्याऐवजी चार कोरे ए-फोर कागद मधोमध दुमडा, सोळा पानांची वही होते, तिच्यात मजकूर पानापानावर वाटून बघा. चित्रपुस्तकं बरेचदा 16, 24 नाहीतर 32 पानांची असतात ती छपाईच्या फर्म्यामुळे, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापून तो दुमडतात म्हणून, त्यामुळे एकोणीस पानांची गोष्ट घेऊन गेलात तर पंचाईत. आणि वाटताना कळतंच, 'लाल फ्रॉक घातलेली मिनी हिरव्या फाटकाशी उभी होती' हे लिहायची गरजच नाही, ते चित्रात दिसणार आहे.

प्रश्न : पाठवलेली गोष्ट कुणी ढापली तर?

लिहिलीत की कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. मेलनं पाठवा म्हणजे तारीख राहते.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, मराठी छान बोलते पण वाचताना अडखळते. (न्यू जर्सी)

दादा, बाराखडीचा तक्ता जरा बाजूला ठेवा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची 'स्टोरीवीव्हर' साइट आहे, 2015 पासूनची, फुकट, मराठी पुस्तकं भरपूर आणि सोप्याकडून अवघडाकडे चार लेव्हल. तिला पहिलीपासूनच द्या, आठ वर्षांची असली तरी, पानावर एखाददुसरं वाक्य असतं त्यामुळे पुस्तक संपवल्याचा आनंद लगेच मिळतो. एक पान तुम्ही, एक तिनं. जोडाक्षराला अडली तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, तिथं परीक्षा घेऊ नका. गोडी लागली की 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, आधी तुम्हीच अडकाल त्यात.

प्रश्न : मी सातवीत आहे. भुताची गोष्ट लिहिली तर सर म्हणाले फालतू विषय. (कोल्हापूर)

अरे, विषय फालतू नसतो, भूत तर अजिबातच नाही! सरांशी वाद घालू नको, गोष्ट पूर्ण कर. तुझी दोन पानं वाचली, विहिरीत पडलेली बादली आपोआप वर येते तिथं मी खरंच दचकले. पण ते भूत त्याच विहिरीत का राहतं आणि फक्त गण्यालाच का दिसतं, हे अजून कुठंच आलेलं नाही. ते शोध, आणि तिसरं पान पाठव.