२०१३, २०१६ की २०१९ : जुन्या थारचं वर्ष कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मळा नाशिकच्या हरसूल रस्त्याला आहे, पावसाळ्यात शेवटचा टप्पा निव्वळ काळ्या मातीचा, आणि समोर महिंद्राच्या तीन सेकंड हँड थार आहेत, २०१३, २०१६ आणि २०१९ ची. तर वर्ष कोणतं घ्यावं? २०१३ सोडून द्या. उरलेल्या दोघींमध्ये वर्षावरून निवड करू नका.

२०१३ का सोडायची, तर लॉकिंग डिफरन्शियलसाठी. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर, आणि लॉकर म्हणजे ती दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय. जुन्या बॉडीच्या, म्हणजे २०२० आधीच्या, सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाच्या थारला मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मेकॅनिकल लॉकर आला तो जुलै २०१५ च्या बदललेल्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीत फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) टाकलं तरी एक मागचं आणि एक पुढचं चाक चिखलात मोकळं सुटलं की सगळी ताकद त्याच दोन चाकांत जाते. जी दोन चाकं जमिनीला धरून असतात ती नुसती उभी राहतात. लॉकर असला की मागचं एक चाक जास्त फिरायला लागल्याबरोबर खालून खट्ट आवाज येतो आणि मागची दोन्ही चाकं एकत्र ओढतात. गिरणारेच्या बाजूला माझा टोमॅटो आणि द्राक्षाचा मळा आहे. भर पावसात क्रेट भरून बांधावरून निघताना हा फरक पोटात जाणवतो. टायर बदलता येतात, सीटकव्हर बदलता येतं, लॉकर नंतर बसवायचा म्हणजे खर्चिक काम.

यात एक खोच आहे. आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि निर्मितीचा महिना-वर्ष वेगळा छापलेला असतो. नोंदणी २०१५ च्या दिवाळीतली आणि निर्मिती मे महिन्यातली, अशी गाडी निघू शकते. ती जुनीच, बिनलॉकरची. एजंट नोंदणीची तारीख सांगतो. तुम्ही निर्मितीची बघा.

आता मुद्द्यावर येतो, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या साडूंचा चेहरा समोर आला. त्यांचं एकच म्हणणं, "वर्ष नवं तेवढी गाडी नवी, बाकीचं मेकॅनिक बघून घेईल." घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक जावळाला हा विषय निघतोच.

२०२० च्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवी थार त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बाजारात आली होती आणि जुन्या बॉडीच्या गाड्या विकायला बरेच लोक निघाले होते. मी दोन गाड्या ठरवून ठेवल्या होत्या. एक २०१८ ची, शहरातल्या एका गाडीबाजारात उभी, काळी कुळकुळीत, नवे रुंद टायर, आत सुगंधी स्प्रे मारलेला. दुसरी ऑक्टोबर २०१५ च्या निर्मितीची, दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या शेडमध्ये. दाराच्या खालच्या कडेला गंज, मागचं कापड फाटलेलं, फवारणीच्या औषधाचे डाग. पण प्रत्येक ऑइल बदलल्याचं बिल त्या माणसाने तारखेवार फाइलला लावलेलं. दोघांच्या किमतीत फरक थोडाच होता.

साडू सोबत होते. काळी गाडी बघितली आणि त्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले. मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. चेसिसवर वरून काळा रंग मारलेला, ताजा. आतल्या कोपऱ्यात बोट घातलं तर बारीक पिवळसर गाळ, सुकून घट्ट बसलेला. वर येऊन पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तीच गाळाची रेघ. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले, तेही दोन वर्षांच्या गाडीत! मग मी सोबत नेलेल्या मेकॅनिकला मागच्या डिफरन्शियलचा, तेलाची पातळी बघायचा लेव्हल प्लग उघडायला सांगितला. दुकानदार म्हणाला, त्याची काय गरज आहे. मी म्हटलं, तेवढीच गरज आहे. प्लग निघाला, बोट घातलं, तर तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण फोर बाय फोर घेणाऱ्याने सगळ्यात आधी हेच बघायचं. अ‍ॅक्सल चालून गरम झालेलं असतं. ते एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. वरचा ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल तर हवा येते. ब्रीदर तुंबला असेल किंवा गाडीच पाण्यात बुडून उभी राहिली असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत जातं. मग तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग, क्राउन-पिनियन आतून खराब होत जातात. बाहेरून गाडी चकाचक. एका नाल्यातून गेल्याने सीटच्या बेल्टपर्यंत गाळ चढत नाही. ऑगस्ट २०१९ च्या सुरुवातीला गोदावरीला पूर आला होता, तेव्हा इथे कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, आणि त्याच महिन्यात सांगली-कोल्हापुरातही. नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचं पाणी मोजणाऱ्या माणसाला अशा गाळाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

साडू मात्र ऐकेनात. "पाव्हणं, तीन वर्षं नवी गाडी टाकून तुम्ही ती खटारा घेणार? धुतल्याचं पाणी असेल ते." दुकानदारही तेच म्हणत होता. मी त्याच संध्याकाळी दिंडोरीला बयाणा दिला. ती काळी गाडी पुढे कुणी घेतली मला माहीत नाही. ज्याने घेतली त्याला "२०१८ आहे साहेब" एवढंच सांगून विकली असणार.

माझी २०१५ ची अजून मळ्यात चालते. क्लच प्लेट बदलली, पुढच्या शाफ्टचे क्रॉस बदलले, मागच्या कमानीचं एक पातं बदललं. दर वर्षी पाऊस संपला की तिन्ही ठिकाणचं तेल, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), मी उघडून बघतो. साडूंना मी तेव्हापासून सांगतोय की वर्ष कागदावर असतं आणि झीज लोखंडात असते. त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. म्हणून इथे लिहितो, निदान तुम्ही तरी मान्य करा.

तुमच्या २०१६ आणि २०१९ बद्दल. दोन्ही सीआरडीई असतील तर दोन्हींत तेच २.५ लिटरचं इंजिन, तेच १०५ अश्वशक्तीचं, दोन्हींत लॉकर. चिखलासाठी दोन्ही सारख्या. फरक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा. एप्रिल २०१९ पासून ते सगळ्या गाड्यांना बंधनकारक झालं, त्यामुळे थारला ते त्या वर्षात आलं. म्हणजे तुमची २०१९ जानेवारीतली असेल तर त्यात नसणार. डॅशबोर्डवर चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का बघा. लेकरंबाळं घेऊन कायम हायवेला जाणार असाल तर मात्र जुन्या बॉडीची कुठलीच घेऊ नका. तिला एअरबॅग नाहीत. २०२० नंतरच्या नव्या थारला अपघात-सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले, तिचा विचार करा. तिथेही डिझेल घेताना निर्मिती सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधली असेल तर कॅमशाफ्ट या इंजिनातल्या भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या, ते रिकॉलचं काम झालंय का ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघा. आणि २०२३ पासून तिच्यात टू व्हील ड्राइव्हही मिळते, तेव्हा फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर आहे का ते डोळ्यांनी बघा, जाहिरातीवर जाऊ नका.

गाडी चालवून बघाल ती डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल नाही, वळणावर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना ताणतात. नांगरलेल्या रानात न्या, फोर बाय फोरच्या छोट्या गिअरमध्ये (फोर-लो) टाका, एकाला खाली उतरवून पुढची चाकं माती उकरतात का ते बघायला लावा. जो मालक रानात न्यायला नको म्हणतो, त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

साडूंची एक गोष्ट रास्त आहे, तीही सांगून टाकतो. कर्ज काढून घेणार असाल तर बँक वर्षच बघते, विम्याची किंमतही वर्षावरून ठरते. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की पुन्हा नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आहे, म्हणजे २०१३ च्या गाडीला ते २०२८ मध्ये करावं लागेल. दिल्लीकडून आलेली डिझेल गाडी स्वस्त दिसली तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच हिशोब करा. हार्डटॉप किंवा मोठे टायर लावलेली असेल तर ते आरसीशी जुळतं का विचारा. कारखान्याने दिलेल्या रचनेत बदल चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, आणि पेठ रोडच्या आरटीओत पासिंगच्या वेळी तो प्रश्न तुमच्या गळ्यात पडेल, आधीच्या मालकाच्या नाही.

गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, आणि मालकी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर विक्रेत्याच्या सह्या हातात आल्याशिवाय गाडीच्या किमतीचा शेवटचा हप्ता देऊ नका. बयाणा द्यायचा तोही तिन्ही प्लग उघडून बघितल्यावर.