हेल्मेट घाल म्हणजे जाऊ नकोस?

"मॅडम, तुम्हीच त्याला सांगा. आमचं ऐकत नाही." बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या ताई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलल्या. मागे एकोणीस वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगला असलेला, मान खाली घालून उभा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो मित्रांबरोबर बदामीला प्रस्तरारोहणाला जातो. आईने मोबाईलवर एक फोटो पाहिला. तांबड्या कातळावर पोरगं लटकलंय आणि डोकं उघडं. त्या दिवसापासून घरात धड बोलणं नाही.

मी समुपदेशक, म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलले. मुलाची बाजू तयार होती. बदामीचा वालुकाश्म पक्का, सह्याद्रीतल्या कड्यांसारखा हातात सुटून येत नाही. मार्गावर दोर अडकवायला कातळात बसवलेले बोल्ट आहेत. उन्हात हेल्मेट नको होतं. "आणि बाबा रोज उद्यमबागला फौंड्रीत गाडीवरून जातात की, त्यांचं हेल्मेट खुंटीला!"

शेवटचा मुद्दा खराच होता आणि मी तो मान्य केला. तो मान्य केल्यावरच पोरगा माझ्याकडे बघून बोलू लागला.

मी विचारलं, "कड्याच्या माथ्यावर काय असतं?"

"माकडं. शेळ्यापण चरतात." म्हणजे कातळ पक्का असला तरी त्यांच्या पायाने दगड खाली येऊ शकतो. पुढे चढणाऱ्याच्या पायामागे दोर आला आणि चढणारा निसटला, तर माणूस उलटा होतो आणि डोक्याची मागची बाजू भिंतीवर आदळते. हे मी सांगायची गरजच नव्हती, त्याला माहीत होतं. एका मित्राचं तसं होता होता राहिलं होतं.

"तू चढत नसतोस तेव्हा काय करतोस?"

"खाली बिले देतो, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर सांभाळतो."

"तेव्हा तुझ्या डोक्यात दगड बसला तर वरच्याचा दोर कोण धरणार?"

यावर तो बराच वेळ गप्प होता. या वयातल्या मुलांना स्वतःच्या डोक्याची काळजी पटवणं कठीण जातं. पण मित्राचा जीव आपल्या हातात आहे, हे त्यांना आतून कळतं.

मग आईला विचारलं, "त्याने हेल्मेट घातलं तर जाऊ द्याल?" ताई रडायलाच लागल्या. "नाही हो. मला तो जायलाच नको आहे."

गाठ इथे होती. त्या "हेल्मेट घाल" म्हणत होत्या आणि मुलाला ऐकू येत होतं "जाऊ नकोस". म्हणून तो हेल्मेटशीच भांडत होता. माझ्याकडे हीच काळजी घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी विचारते: यातलं नेमकं काय मागताय? माझं मत स्पष्ट आहे. दोरावर चढणाऱ्याने आणि खालून दोर सांभाळणाऱ्याने, दोघांनीही हेल्मेट घालावं. पण त्याने सगळं टळतं असं मुलांना सांगू नका. मान, पाठ, पाय यांना ते वाचवत नाही आणि मुलांना हे पक्कं ठाऊक असतं.

तिसऱ्या भेटीला वडील आले, हातात कारखान्यातली पिवळी टोपी. हीच वापर म्हणाले. मुलाने शांतपणे समजावलं: कारखान्याच्या टोपीचा पट्टा कुठे अडकून गळा आवळू नये म्हणून जोर आला की सुटतो, चढाईत तो सुटून चालत नाही. गाडीचं हेल्मेट जड, त्यात वरचं दिसत नाही, जोडीदाराची हाक नीट ऐकू येत नाही. चढाईच्या हेल्मेटवर ईएन १२४९२ हा युरोपीय मानकाचा आकडा बघायचा, आणि जोराचा मार बसला तर तडा दिसला नाही तरी ते बदलायचं. वडिलांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फौंड्रीतल्या माणसाला हे लगेच कळलं. पैसे अर्धे-अर्धे घालायचे ठरले.

आता तो जातो, हेल्मेट घालतो, उतरून खाली आला की घरी फोन करतो. तो बदामीत असतो त्या रात्री ताईंना अजून झोप लागत नाही. त्यावर आमच्या बैठका चालू आहेत.