ग्रंथालयातली सेलवरची कुलपं: कंपनीच्या माणसाआधी सुताराला बोलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रंथालयाच्या इमारतीत अकरा दारांना पेन्सिल सेलवर चालणारी कीपॅडची कुलपं आहेत. काहींचे सेल वर्षभर टिकतात, काहींचे दोन महिन्यांत झोपतात. मागच्या आठवड्यात तर अभ्यासिकेचं दार सकाळी उघडलंच नाही. दोष कुलपाचा की सेलचा, आणि देखभाल ठेवायची कशी?

मी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीची देखभाल बघतो. आमच्याकडे अशी चौदा दारं आहेत. सुरुवातीची दोन वर्षं मीही कधी सेलला, कधी कुलपाला शिव्या घालण्यात घालवली. एकाच दुकानातले, एकाच दिवशी घातलेले सेल एका दारात वर्षभर चालतात आणि शेजारच्या दारात दोन महिने, म्हणजे फरक सेलमध्ये नाही, हे लक्षात यायला इतका वेळ का लागला ते मलाही कळत नाही.

आधी तुमची कुलपं कुठल्या जातीची आहेत ते बघा. एका जातीत मूठ आपण स्वतः दाबतो. कोड बरोबर पडला की मोटर आतली एक बारीक पिन सरकवते आणि मूठ खटक्याला जोडली जाते. यात मोटरला काम फार थोडं. दुसऱ्या जातीत जाड खटका मोटर स्वतःच बाहेर ढकलते आणि आत ओढते. सेल खाण्याची तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीची असते. खटका चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात सुटा शिरायला हवा. तो कडेला घासला की मोटर जोर लावते, दोनतीनदा मागेपुढे करते, आणि प्रत्येक वेळी सेलमधून नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढला जातो.

मुंबईत हे घासणं कधी सुरू होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, लाकडी दारं ओलावा पितात आणि फुगतात. जुन्या इमारतीतलं सागवानी दार असलं तरी फुगतंच, आणि आतून पोकळ फ्लश डोअर असेल तर विचारूच नका.

आमच्या देवघेव विभागाचं दार जुलै-ऑगस्टमध्ये सात आठवड्यांत चार सेल संपवायचं. कंपनीचा माणूस आला, आतला बोर्ड बदलला, बिल लावून गेला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. एकदा आमचे नेहमीचे सुतार पुस्तकांची मांडणी दुरुस्त करायला आले होते. दार बंद झाल्यावर कुलपाचा आवाज ऐकून म्हणाले, “साहेब, हिची मोटर रडतेय.” त्यांनी फळ्यावरचा खडू घेतला, खटक्याच्या टोकाला चारी बाजूंनी फासला, दार लावून कोड मारायला सांगितला आणि पुन्हा उघडलं. पट्टीच्या खालच्या कडेवर पांढरी रेघ उमटली होती. दार दोनएक मिलिमीटर खाली उतरलं होतं, कारण वरच्या बिजागरीचे स्क्रू पिळे सुटून नुसतेच भोकात बसले होते. त्यांनी लांब स्क्रू मारले, पट्टीची खालची कड कानशीने थोडी उघडी केली, दाराच्या वरच्या कोपऱ्यावरून रंधा फिरवला. अर्धा तासही लागला नाही. त्या दाराचे सेल नंतर थेट पुढच्या मे महिन्यात बदलले.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी कानांनी होते. दार उघडं ठेवून कोड मारा आणि मोटरचा आवाज ऐका. मग दार लावून तोच कोड मारा. दोन्ही आवाज सारखे असतील तर दार ठीक आहे. बंद दारात आवाज लांबला, जड झाला, किंवा दार जरा ओढून धरल्यावरच कुलूप लागत असेल, तर सुताराला बोलवा. दार फुगलं असेल तर रंधा भर पावसात फार मारू नका, नाहीतर डिसेंबरात फट पडते. पावसात पट्टी सरकवून भागवायचं आणि दाराला मेमध्ये हात लावायचा. रंधा मारलेली कड उघडी सोडू नका, तिला लगेच पॉलिश किंवा रंग लावा. उघडं लाकूड पुढच्या पावसात आणखी पाणी पितं.

डोअर क्लोजरही, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारं दारावरचं यंत्र, बघा. शेवटच्या वीतभर अंतरात तो दार नीट ओढत नसेल तर खटका अर्धवट समोर येतो आणि मोटर आपटत राहते. त्याच्या अंगावर वेगाचे बारीक स्क्रू असतात. ते एका वेळी पाव आटाच फिरवायचे. जास्त सोडलात तर तेल गळतं आणि नवा क्लोजर घ्यावा लागतो. मुठीच्या कुलपांत एक वेगळी खोड असते: माणसं मूठ आधीच दाबून धरतात आणि मग कोड मारतात. पिन अडकते, मोटर झगडते. आम्ही कीपॅडवर चिठ्ठी लावली आहे, ‘आधी कोड, मग मूठ’. वाचनालयात येणारी माणसं चिठ्ठ्या वाचत नाहीत, हा माझा पक्का अनुभव आहे, पण थोडा फरक पडला.

आता सेल. वेष्टणावर बारीक अक्षरात ‘एलआर ६’ लिहिलेला सेल म्हणजे पेन्सिल आकाराचा अल्कलाइन. नुसतं ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बनचा, टीव्हीच्या रिमोटसाठी ठीक. मोटर फिरायला लागली की त्याचा दम निघतो, आणि तो फुटतोही लवकर. रिचार्जेबल सेल घालण्याचा मोह आमच्या कार्यकारिणीलाही झाला होता. ते १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ४.८. चार अल्कलाइन मिळून ६ व्होल्ट होतात आणि कुलपाचा हिशेब त्यावरच बांधलेला असतो, म्हणून पूर्ण चार्ज केलेले रिचार्जेबल घातले तरी सेल संपत आल्याचा लाल दिवा लागू शकतो. महागडे लिथियम सेल टिकतात भरपूर, पण त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. इशारा मिळायच्या आत दार बंद. कुलपाच्या पुस्तिकेत लिथियम चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सेल लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला घाऊक घेतले तरी पाकिटावरची तारीख वाचा. चारही सेल एका पाकिटातले, एकाच दिवशी घातलेले हवेत. तीन नवे आणि एक जुना असं केलंत तर जुना आधी रिकामा होतो, बाकीचे तिघे त्याच्यातून जबरदस्तीने करंट रेटत राहतात आणि तो गळतो. आम्ही प्रत्येक सेलवर मार्करने महिना-वर्ष लिहितो, म्हणजे कोणी मधेच एखादा अदलाबदल केला की झाकण उघडताच कळतं. (अदलाबदल होतेच. वॉचमनचा रेडिओ बंद पडला की कुठलंतरी कुलूप अशक्त होतं.)

मल्टिमीटरने नुसता सेल मोजून फसू नका. थकलेला सेलही टेबलावर १.४ दाखवतो. मोटर फिरत असताना मोजा. आमच्या एका कुलपात निवांत असताना चार सेल मिळून ५.६ व्होल्ट दिसायचे आणि खटका हलताना ४.५ वर आपटायचे. ते सेल गेलेलेच होते.

लाल दिव्याची वाट बघण्याची पद्धत आम्ही सोडली. गर्दीची दारं, म्हणजे अभ्यासिका, देवघेव आणि कर्मचाऱ्यांचं दार, यांचे सेल वर्षातून दोनदा बदलतो: मेअखेरीस आणि दिवाळीनंतर. बाकीच्यांचे फक्त मेमध्ये. यात थोडे सेल वाया जातात हे कबूल. पण एका सकाळच्या गोंधळापेक्षा ते स्वस्त पडतात.

तो गोंधळ आमच्याकडेही झालाय. सकाळी सात वाजता अभ्यासिकेबाहेर एमपीएससीची मुलं पाठीवर दप्तरं लावून उभी, कुलूप मुकं. यांत्रिक चावी होती, पण ती कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी कारकुनाच्या खिशात, आणि कारकून बदलापूर लोकलमध्ये. शेवटी एक मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून नऊ व्होल्टचा चौकोनी सेल घेऊन आला. बऱ्याच कुलपांना कीपॅडच्या खाली दोन धातूचे ठिपके असतात, त्यावर हा सेल दाबून धरायचा आणि धरलेल्या स्थितीतच कोड मारायचा. माझा हात दोनदा घसरला, तिसऱ्यांदा उघडलं. काही नव्या कुलपांत ठिपक्यांऐवजी यूएसबीची खाच असते, तिथे मोबाईलची पॉवर बँक चालते. तुमच्याकडे यातलं काय आहे ते आजच बघून ठेवा आणि अधिक-उणे कुठलं ते पुस्तिकेत वाचा. यांत्रिक चावी आणि चौकोनी सेल वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, म्हणजे अशा जागी जिथे जायला यातलं एकही दार उघडावं लागत नाही.

सेल बदलताना दार उघडंच ठेवायचं. नवे सेल घातल्यावर उघड्या दारात तीन वेळा कोड मारून खटका आतबाहेर होतोय हे बघायचं आणि मगच दार लावायचं. सातला आपोआप उघडणं वगैरे वेळापत्रक असेल तर कुलपाचं घड्याळही तपासा. सेल फार वेळ बाहेर राहिले तर काही कुलपं वेळ विसरतात, म्हणून नवे चार हातात घेऊनच जुने काढावेत.

ओलावा ही आपल्याकडची दुसरी डोकेदुखी. दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत एसी असतो, बाहेरच्या बोळात दमट हवा. कुलपाचं धातूचं अंग दारातून आरपार गेलेलं असतं, ते आतून गार होतं आणि बाहेरच्या बाजूला घाम धरतं. तिथल्या सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट थर येतो. खोडरबराने हलकेच घासला तर निघतो. आणि मार्च २०२० मध्ये इमारत बंद करून गेलो ते थेट ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रंथालयं उघडली तेव्हा आत शिरलो. तीन कुलपांत सेल फुटून पांढरी भुकटी पसरलेली. ती क्षारधर्मी असते, हाताला चावते. हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने रस काढून टाका, पूर्ण वाळू द्या. आमची तीनपैकी दोन कुलपं वाचली. इमारत महिनाभराहून जास्त बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवणं उत्तम, चावी बाहेर आहे याची खात्री करून.

तेल घालू नका. चावीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड, बस. आमच्या एका शिपायाने प्रेमाने खोबरेल घातलं होतं, तेही नेमकं एसीच्या खोलीत. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. चावी अर्धी फिरून तिथेच राहिली.

एक गोष्ट मात्र टाळाटाळ न करता करा. सेल काढून टाका, एका माणसाला आत उभं करा, दुसऱ्याला चावी देऊन बाहेर, आणि दार लावा. आतल्या माणसाला नुसती मूठ दाबून बाहेर येता आलं पाहिजे, कोड नाही, बटण नाही. नाही आलं तर ते कुलूप त्या दारावरून उतरवा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, त्याच आठवड्यात आम्ही ही चाचणी उरकतो, म्हणजे विसरत नाही.

आणि अकराच्या अकरा दारांना ही कुलपं हवीतच का, हेही बघा. आमच्या तळघरातलं जुन्या नियतकालिकांचं दार दिवसातून दोनदा उघडतं, तेही एकच माणूस उघडतो. तिथलं कीपॅड आम्ही काढलं आणि साधं पितळी कुलूप लावलं.

मेमध्ये निघालेले सेल लगेच फेकू नका. मोटरला नको झालेला सेल भिंतीवरच्या घड्याळाला महिनोन्‌महिने पुरतो. आमच्या वाचनकक्षातली चारही घड्याळं कुलपांच्या उतरलेल्या सेलांवर चालतात. त्यातूनही उरतात ते बरणीत साठवून ई-कचरा नेणाऱ्याला देतो. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकत नाही.