१ लीटर म्हणजे नेहमी १ किलोच का? तेल, मध, पीठ यांचं वजन कसं काढायचं?

नाही. १ लीटर म्हणजे १ किलो हे फक्त पाण्यापुरतं खरं आहे, आणि तो योगायोगही नाही. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच १ घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून केली गेली. पाण्याची घनता (म्हणजे ठरावीक आकारमानाचं वजन) सर्वांत जास्त असते ४ अंश सेल्सिअसला. २० अंशांना १ लीटर पाणी साधारण ९९८ ग्रॅम भरतं, उकळायला आलं की सुमारे ९५८. रोजच्या कामात पहिला फरक सोडून द्या, दुसरा मात्र सोडू नका.

बाकी पदार्थांसाठी सूत्र एकच: वजन = आकारमान × घनता. खाद्यतेलाची घनता लीटरला सुमारे ०.९२ किलो, म्हणून ५ लीटर तेल ४.६ किलो. मधाची सुमारे १.४, म्हणजे अर्धा लीटर मध जवळपास ७०० ग्रॅम. पाऱ्याची तर १३.५! उलट जायचं असेल तर भागाकार करा: १ किलो तेल ÷ ०.९२ = सुमारे १.०९ लीटर. उत्तर पडताळायची सोपी खूण अशी की पाण्यावर तरंगणारा द्रव लीटरला १ किलोपेक्षा हलकाच असणार.

पिठासारख्या पदार्थांचं मात्र सूत्राने नीट जमत नाही. कणांमध्ये हवा असते, त्यामुळे तोच कप चाळून भरला तर हलका आणि दाबून भरला तर बराच जड होतो. तिथे तक्त्यावर विसंबू नका, सरळ वजनकाटा वापरा.